चेतकचा क्रँक घरी बसवताना: मापे, जुळणी आणि क्रम

बजाज ऑटोने १९७२ साली आणलेली चेतक ही इटालियन व्हेस्पा स्प्रिंटच्या आराखड्यावर बेतलेली स्कूटर होती, आणि तिचे १४५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आजही घरच्या टेबलावर खोलून पुन्हा जोडता येईल इतके सुटसुटीत आहे. एकच सिलिंडर, ५७ मि.मी. बोअर आणि तेवढाच स्ट्रोक, दोन भागांत उघडणारे ॲल्युमिनियमचे चेंबर आणि त्या दोन भागांच्या मधे फिरणारा, पिस्टनची वर-खाली हालचाल गोल गतीत बदलणारा क्रँक, एवढाच त्याचा गाभा आहे. (२०२० पासून याच नावाने विकल्या जाणाऱ्या विजेच्या स्कूटरला अर्थातच क्रँक नाही, आणि मधल्या काळात आलेल्या फोर-स्ट्रोक चेतकचे इंजिनही निराळे आहे, येथे लिहिलेले फक्त जुन्या टू-स्ट्रोक गाडीला लागू आहे.) इंजिन खाली उतरवले आहे, चेंबर उघडले आहे आणि जुनी बेअरिंग व सील काढून झाली आहेत, असे धरून पुढचे सारे सांगितले आहे.

नवा क्रँक, नवी बेअरिंग, नवी सील असा सगळा खर्च करूनही इंजिन थोड्याच दिवसांत घरघर करू लागते, तेव्हा बहुतेक वेळा दोष सुट्या भागांचा नसून बसवण्याचा असतो. क्रँक ठोकून बसवला जातो आणि त्या ठोक्यांत तो सरळ राहत नाही, किंवा तो सरळ राहिला तरी बेअरिंगवर आडवा ताण राहून जातो. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हाताने फिरवून पाहावा, आणि सुरुवातीला व चेंबर मिटल्यावर अशा दोन वेळा तो डायल गेजने मोजावा. त्यामुळे काही बिघडलेच तर ते कोणत्या टप्प्यात बिघडले हे तेथल्या तेथे कळते. सगळे जोडून झाल्यावर शोधत बसण्याची वेळ येत नाही.

हत्यारे आणि सुटे भाग

नेहमीच्या पान्यांखेरीज ०.०१ मि.मी. पर्यंत मोजणारे डायल गेज व त्याचा चुंबकीय स्टँड, दोन सारख्या उंचीचे व्ही ब्लॉक, फीलर गेज, टॉर्क पाना, मॅग्नेटचा (क्रँकच्या एका टोकावरच्या चुंबकी चाकाचा) पुलर, क्लच धरून ठेवण्याचे साधन, नायलॉनची हातोडी आणि हॉट एअर गन लागेल. व्ही ब्लॉक विकत घ्यायचे नसतील तर ओळखीच्या लेथवाल्याकडे अर्धा तास बसून मोजणी करून घेता येते. डायल गेजवर मात्र पैसे खर्च करावेत, कारण नजरेला सरळ दिसणारा क्रँक प्रत्यक्षात किती बाहेर, म्हणजे सरळ रेषेपासून किती ढळलेला, आहे हे दुसऱ्या कशानेही समजत नाही.

बेअरिंग घेताना जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण क्रमांक उतरवून न्यावा. क्रमांकाच्या शेवटी सी ३ असे असेल तर नव्यावरही तेच असले पाहिजे. ते अक्षर आतल्या मोकळिकीचे आहे, आणि इंजिनात तापणाऱ्या बेअरिंगला ही जादा मोकळीक लागते. पुण्यात नाना पेठेत किंवा कोणत्याही शहराच्या स्पेअर पार्टच्या बाजारात नामांकित कंपन्यांच्या नकली डब्यांचा सुळसुळाट आहे. अगदी स्वस्त मिळणारे बेअरिंग घेण्यापेक्षा पक्की पावती देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले बरे. सील, पॅकिंग, सर्क्लिप आणि क्लच नटाखालचा लॉक वॉशर हे सगळे नवेच लावावेत.

आधी क्रँक मोजा

या इंजिनाचा क्रँक अखंड नसतो. दोन तबकड्या, त्यांना जोडणारी क्रँक पिन आणि पिनवर फिरणारा कनेक्टिंग रॉड असे भाग प्रेसवर दाबून तो एक केलेला असतो. रॉड बदलायचा तर हायड्रॉलिक प्रेस लागतो आणि ते घरचे काम नव्हे. ते क्रँकचे काम करणाऱ्या दुकानातच द्यावे. पण दुकानातून आलेला क्रँक, इतकेच काय, खोक्यातून काढलेला कोरा क्रँकही, न मोजता बसवू नये.

प्रथम रॉड तपासावा. पिन वर आणून रॉड लांबीच्या दिशेने वर-खाली ओढून पाहावा. त्या दिशेने जराही खटखट जाणवता कामा नये. रॉडचे वरचे टोक डावी-उजवीकडे थोडे हलते, ते मात्र स्वाभाविक आहे आणि त्याला घाबरून रॉड बदलण्याचे कारण नाही. त्यानंतर रॉड आणि तबकडी यांच्यामधली फट फीलर गेजने दोन्ही बाजूंना मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावी.

आता क्रँक त्याच्या दोन्ही बेअरिंगच्या जागांवर व्ही ब्लॉकमध्ये ठेवावा. एकदा मॅग्नेटच्या बाजूच्या टेपरच्या (निमुळत्या टोकाच्या) मुळाशी आणि एकदा क्लचच्या बाजूच्या टोकाजवळ गेजचे टोक टेकवून क्रँक सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा. सुई सर्वांत कमी व सर्वांत जास्त कोठे जाते आणि त्या वेळी क्रँक पिन कोणत्या बाजूला आहे, हे दोन्ही लिहून ठेवावे. एकूण फरक ०.०३ मि.मी. च्या आत असेल तर क्रँक उत्तम आहे, ०.०५ च्या पुढे गेला तर तो बसवू नये.

पिनची जागा लिहून ठेवण्यास विशेष कारण आहे. क्रँक दोन तऱ्हांनी बाहेर जातो आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. पिनपासून काटकोनात असताना एका टोकाला सुई वर जाते आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला खाली, असे होत असेल तर दोन तबकड्या पिनभोवती एकमेकींपासून किंचित फिरल्या आहेत. तांब्याच्या हातोडीने तबकडीच्या कडेवर नेमका टोला देऊन त्या जागेवर आणतात. याउलट, दोन्ही टोकांची सुई एकाच वेळी वर जात असेल आणि तेव्हा गेजसमोर पिनची किंवा पिनच्या विरुद्धची बाजू येत असेल, तर तबकड्या पिनच्या विरुद्ध बाजूला एकमेकींकडे दबल्या आहेत किंवा फाकल्या आहेत. पिनच्या विरुद्धची बाजू गेजखाली आल्यावर सुई वर जात असेल तर तेथे तबकड्या दबलेल्या असतात व त्यांच्यामध्ये पाचर घालून त्या उघडतात. पिनची बाजू आल्यावर जात असेल तर पिनच्या विरुद्ध बाजूला त्या फाकलेल्या असतात व त्याच विरुद्ध बाजूला व्हाइसमध्ये आवळून जवळ आणतात.

हे सगळे समजून घ्यावे, पण पहिल्याच खेपेस स्वतः करू नये, असे माझे मत आहे. चेतकमध्ये क्लचच्या बाजूची तबकडी केवळ तबकडी नसते. कार्ब्युरेटरकडून येणारे मिश्रण आत केव्हा घ्यायचे हे तिची कड ठरवते. चेंबरमधल्या रोटरी पॅडपासून (मिश्रणाच्या वाटेभोवतीच्या गुळगुळीत पृष्ठभागापासून) ती कड जेमतेम काही शतांश मिलिमीटर अंतरावर फिरते. चुकीच्या जागी बसलेल्या एका टोल्याने तिच्यावर बारीक उंचवटा उठला तरी तो पॅड खरवडून काढतो, आणि खरवडलेले पॅड म्हणजे वेल्डिंग व मशीनिंगचा खर्च किंवा दुसरे चेंबर. लेथवाल्याकडे क्रँक नेताना आपली लिहून ठेवलेली मापे त्याला दाखवावीत आणि काम झाल्यावर गेज त्याच्यासमोरच लावावे. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही.

चेंबर आणि बेअरिंग

चेंबरचे दोन्ही भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. जुने पॅकिंग प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढावे. ब्लेडने खरवडल्यास ॲल्युमिनियमवर जी रेघ पडते तिच्यातूनच पुढे हवा शिरते. बेअरिंगची भोके बोटाने चाचपून पाहावीत. जुने बेअरिंग भोकातच फिरत राहिले असेल तर भोक आरशासारखे गुळगुळीत आणि सैल झालेले आढळते. अशा वेळी भोकाच्या कडेला सेंटर पंचने ठिपके मारण्याची जी पद्धत सर्रास दिसते ती चार दिवसांची मलमपट्टी आहे. भोकात बुश टाकून घेणे हाच खरा उपाय.

बेअरिंग ठोकून बसवण्याऐवजी उष्णतेच्या मदतीने बसवावे. ६० मि.मी. व्यासाचे ॲल्युमिनियमचे भोक ८० अंशांनी तापवले तर ते सुमारे ०.११ मि.मी. ने मोठे होते, आणि तेवढ्यात थंड बेअरिंग स्वतःच्या वजनाने आत उतरते. बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवावे. चेंबरचा भाग हॉट एअर गनने भोकाभोवती सगळीकडून सारखा तापवावा. वर टाकलेला पाण्याचा थेंब चटकन चुरचुरून उडाला की पुरे. गॅसची उघडी ज्योत एकाच जागी धरू नये, आणि चेंबरला पेट्रोल-रॉकेलचा वास येत असेल तोवर उष्णतेच्या जवळही जाऊ नये. बेअरिंग आत जाताना तिरके झाले तर त्याला तेथेच ठोकू नये. काढून, पुन्हा तापवून सरळ सोडावे. तळाला टेकल्याची खात्री करण्यासाठी जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून तिच्यावर लाकडी ठोकळ्याने एक हलका टोला द्यावा. जोर नेहमी बाहेरच्या रिंगवरच यावा.

सील व सर्क्लिप ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने निघाले त्याच क्रमाने परत जातात. खोलताना काढून ठेवलेला मोबाइलचा फोटो येथे उपयोगी पडतो. क्लचच्या बाजूचे सील गिअरचे तेल क्रँकच्या कोठीत येऊ देत नाही आणि मॅग्नेटच्या बाजूचे बाहेरची हवा आत येऊ देत नाही. म्हणून कोठलेही सील उलटे बसून चालत नाही. ओठाला थोडे ग्रीस लावावे, आणि क्रँकवर सील जेथे घासते तेथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवे सीलही गळणारच हे लक्षात ठेवावे. मॅग्नेटच्या बाजूचे बेअरिंग रोलरचे असल्यास त्याची आतली रिंग सुटी निघते. ती गरम तेलात तापवून क्रँकवर खांद्यापर्यंत सरकवावी आणि थंड होईपर्यंत दाबून धरावी.

क्रँक ओढून बसवणे

सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यात होते. क्रँक क्लचच्या बाजूच्या चेंबरमध्ये बसतो, आणि त्या बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये तो घट्ट जातो. पुष्कळ ठिकाणी क्रँक वरून ठेवतात आणि मॅग्नेटच्या टोकावर हातोडी मारतात. टोला एका तबकडीवर येतो, दुसरी तबकडी बेअरिंगने अडवलेली असते, आणि मधल्या पिनवर दोन्ही जवळ येतात. पाच मिनिटांपूर्वी ०.०२ मोजलेला क्रँक अशा रीतीने ०.१० होऊ शकतो.

बरोबर पद्धत ओढण्याची आहे. साधारण बोटाएवढ्या लांबीची एक नळी घ्यावी. तिच्यातून क्रँकचे टोक सहज जावे, आणि तिची कड बेअरिंगच्या फक्त आतल्या रिंगवर टेकावी. नळीची दोन्ही टोके लेथवर काटकोनात कापून घ्यावीत, नाहीतर ओढ तिरकी पडते. क्रँकच्या टोकाला तेल लावून तो आतल्या बाजूने बेअरिंगमध्ये घालावा, रॉड सिलिंडरच्या तोंडात मधोमध धरावा, बाहेरून नळी व जाड वॉशर घालून क्लचचा जुना नट लावावा आणि तो पान्याने हळूहळू आवळत क्रँक आत ओढावा. त्याआधी बेअरिंगची आतली रिंग हॉट एअर गनने तापवून घेतली तर निम्मी ओढ वाचते. मात्र सील रबराचे असेल तर हा मार्ग सोडून द्यावा. दर दोन वळणांनी थांबून क्रँक फिरवून पाहावा. तो खांद्याला टेकला की नटावरचा जोर एकदम वाढलेला हाताला कळतो, आणि तेथेच थांबावे.

आता तीन गोष्टी पाहाव्यात. रॉडचे वरचे टोक सिलिंडरच्या तोंडाच्या मध्यावर आहे का. तबकडी आणि चेंबरची भिंत यांच्यामध्ये पूर्ण फेऱ्यात सगळीकडे फीलर गेजची पात जाते का. आणि तबकडी रोटरी पॅडवर कोठे घासते का. तिसरी गोष्ट पाहण्यासाठी तबकडीने वाट बंद होईल अशा स्थितीत क्रँक धरून कार्ब्युरेटरच्या बाजूने भोकात थोडे टू-स्ट्रोक तेल ओतावे. ते तेथे तुंबून अगदी सावकाश झिरपले तर पॅड चांगले आहे, आणि ओतताच निघून गेले तर चेंबर मिटण्याआधीच त्याचा विचार करावा.

चेंबर मिटवणे

दुसरा अर्धा भाग बसवताना नुसता क्रँक जुळून भागत नाही. त्याच वेळी गिअरचा शाफ्ट, सुट्या सुयांचे बेअरिंग असल्यास त्या सुया, आणि किकचा दातेरी तुकडा असे सगळे आपापल्या जागी यावे लागते. सुया ग्रीसने चिकटवून ठेवाव्यात आणि त्यांची संख्या खोलताना मोजलेल्या संख्येशी ताडून पाहावी. पॅकिंग नवे, कोरडे आणि सर्व खिळ्यांवर नीट बसलेले असावे. भाग खाली येत असताना किकचा दांडा थोडा खाली दाबून धरावा, म्हणजे दातेरी तुकडा गिअरला अडत नाही.

दोन्ही भाग तळहाताच्या दाबाने आणि नायलॉनच्या हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी पूर्ण जवळ आले पाहिजेत. शेवटची दोन-तीन मिलिमीटर फट राहिली तर नट आवळून ती मिटवण्याचा मोह हमखास होतो. तो टाळावा. फट राहिली आहे याचाच अर्थ आत काहीतरी अडले आहे, आणि नट आवळल्याने फट मिटते खरी, पण मोडलेल्या सुईसकट. भाग पुन्हा वर उचलून किक, शाफ्ट आणि क्रँकवरची रोलरची रिंग या क्रमाने पाहावे.

फट मिटली की सगळे नट आधी हाताने, मग मध्यापासून बाहेरच्या दिशेने तिरकस क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळावेत. शेवटची घट्टता १२ ते १५ न्यूटन-मीटरच्या आसपास असते. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. प्रत्येक फेरीनंतर क्रँक फिरवून पाहावा. एखादा नट आवळताच क्रँक जड झाला तर तो नट सैल करून कारण शोधावे. शेवटी क्रँकच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने नायलॉनच्या हातोडीचा एकेक हलका टोला द्यावा. जोडताना बेअरिंगवर राहिलेला आडवा ताण त्याने मोकळा होतो, आणि पुष्कळदा जड वाटणारा क्रँक याच क्षणी सहज फिरू लागतो.

आता डायल गेजची दुसरी पाळी. स्टँड चेंबरवर घट्ट उभा करून गेजचे टोक मॅग्नेटच्या टेपरच्या मुळाशी टेकवावे आणि क्रँक फिरवावा. व्ही ब्लॉकवर आलेला आकडा आणि हा आकडा जवळजवळ सारखे आले पाहिजेत. बेअरिंगच्या मोकळिकीमुळे शतांशाचा फरक पडला तर तो सोडून द्यावा. आकडा दुप्पट झाला असेल तर क्रँक ओढताना दबला आहे. कंटाळा आला तरी चेंबर पुन्हा उघडावे. सिलिंडरच्या तोंडाशी पॅकिंगची जी कड आत डोकावत असेल ती नव्या ब्लेडने साफ कापून टाकावी, आणि कापताना रॉडभोवती फडके कोंबून ठेवावे.

क्लच, मॅग्नेट आणि टायमिंग

क्लचच्या कामात विशेष कठीण काही नाही. अर्धचंद्राकृती चावी खाचेत पूर्ण बसवावी, क्लच सरळ उतरवावा, नवा लॉक वॉशर घालून नट मॅन्युअलप्रमाणे आवळावा आणि वॉशरचा कान नटावर वळवावा.

मॅग्नेटकडे मात्र नीट लक्ष द्यावे. त्याला धरून ठेवण्याचे काम टेपर करतो. चावी फक्त जागा दाखवते. म्हणून टेपरच्या दोन्ही बाजू थिनरने पुसून तेलाचा अंशही न ठेवता कोरड्या कराव्यात. टेपरवर ओरखडे दिसत असतील तर चावी न घालता थोडी बारीक व्हॉल्व्ह पेस्ट लावून मॅग्नेट हाताने थोडा मागे-पुढे फिरवावा. सगळीकडे सारखी फिकट झळाळी आली की टेपर पूर्ण टेकतो आहे. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये. मॅग्नेट बसवून फिरवल्यावर तो आतल्या कॉइलना घासत असेल तर तो क्रँक बाहेर असल्याचा किंवा कॉइल प्लेट सरकल्याचा पुरावा समजावा.

पॉइंटवाल्या (उघडून ठिणगी पाडणारे संपर्क असलेल्या) गाडीत पॉइंटची फट ०.३ ते ०.५ मि.मी. ठेवून, कॉइल प्लेट खोलताना केलेल्या खुणेवर लावावी. पॉइंट नेमका केव्हा उघडतो हे पाहण्यासाठी सिगारेटच्या पुडीतला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून मॅग्नेट सावकाश फिरवतात. कागद सुटला तो क्षण. पिस्टन बसवताना त्यावरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवावा आणि पिनचे सर्क्लिप घालण्याआधी चेंबरच्या तोंडावर फडके पसरावे, कारण तेथे पडलेला सर्क्लिप काढण्यासाठी आतापर्यंतचे सगळे पुन्हा उलगडावे लागते.

सुरू करण्यापूर्वी

हवेची गळती तपासण्याचा एक घरगुती मार्ग आहे. कार्ब्युरेटरचे आणि सायलेन्सरचे तोंड जाड रबर व पट्टी लावून बंद करावे, प्लगच्या भोकात नळी जोडावी आणि रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राच्या फुग्याने आत पाऱ्याच्या २०० मि.मी. पर्यंत दाब भरावा. हा दाब सुमारे ०.२७ बार होतो. तो सीलला धोका न होता गळती दाखवायला पुरतो. काटा काही मिनिटे जवळजवळ स्थिर राहिला तर ठीक. पडत असेल तर साबणाचे पाणी ब्रशने लावून बुडबुडे कोठे येतात ते पाहावे. बाहेर कोठेच बुडबुडे नसतील आणि तरीही दाब पडत असेल, तर संशय क्लचच्या बाजूच्या सीलवर घ्यावा.

गिअर बॉक्समध्ये मॅन्युअलमध्ये दिलेले तेल भरावे. प्लग काढून दहा-वीस किक माराव्यात आणि कान देऊन ऐकावे. फक्त हवेचा आवाज आला पाहिजे. पहिल्या टाकीसाठी पेट्रोलमध्ये नेहमीपेक्षा थोडे जास्त टू-स्ट्रोक तेल, म्हणजे लिटरला ३० मि.ली. च्या आसपास, घालावे. इंजिन सुरू झाल्यावर थोडा निळसर धूर अपेक्षितच आहे. पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअरचे तेल कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचे सील गळते आहे. आणि थ्रॉटल सोडूनही इंजिन उंच आवाजात फिरतच राहिले तर मॅग्नेटच्या बाजूने किंवा जोडावरून हवा शिरते आहे. अशा वेळी चावी लगेच बंद करावी, कारण हवा जास्त झालेले इंजिन पिस्टन पकडायला वेळ लावत नाही. सगळे ठीक चालले तर दहा मिनिटांनी इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्यावे, आणि मॅग्नेटचा नट व सिलिंडर हेडचे नट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासून मगच गाडी रस्त्यावर काढावी.